पान दोन आणि तीन कुठे आहेत?

प्रश्न : माझ्या आईची प्रेमकादंबरी १९८९ साली प्रसिद्ध झाली. वाचनालयातून ती अजूनही घरोघर जाते. आई २०१४ साली गेली. जून २०२२ मध्ये नवी आवृत्ती काढायची म्हणून प्रकाशकांनी माझी एका करारावर सही घेतली आणि डिसेंबरात आवृत्ती निघाली. यंदा गुढीपाडव्याच्या सुमारास त्यांचं पत्र आलं की कादंबरीच्या नायिकेवर पुढचे तीन भाग ते दुसऱ्या लेखकाकडून लिहून घेत आहेत. सोबत पंधरा हजारांचा चेक होता, तो मी बँकेत टाकला नाही. दिवाळीत जाहिरात आली, पहिला भाग संक्रांतीला येणार. आईने शेवट मुद्दाम उघडा ठेवला होता आणि 'तिचं पुढे काय झालं ते मी सांगणार नाही' असं ती नेहमी म्हणायची. मूळ करार २०१९ च्या महापुरात गेला. २०२२ च्या कराराचे फोटो पाठवत आहे. या कादंबरीला पुढच्या भागांची खरंच गरज आहे का? आणि हे थांबवता येईल का?
– एक वाचक, सांगली

ताई, तुमचा पहिला प्रश्न कुठल्याच कोर्टात चालत नाही. कादंबरीला पुढचा भाग हवा की नको, यावर सांगलीत विजयनगरच्या कोर्टात कुणी पुरावा घेणार नाही. तिथे एवढंच बघतात की तो लिहवून घेण्याचा हक्क कुणाकडे आहे, आणि तो कुठल्या कागदाने गेला.

अशी पत्रं मला नवी नाहीत. कुणाचे वडील नाटककार होते, कुणाच्या आजीच्या कथा. जुन्या गाजलेल्या पुस्तकांकडे ऑडिओवाल्यांची आणि वेब मालिकावाल्यांची नजर वळल्यापासून वारसांच्या दारावर टकटक वाढली आहे. आणि प्रत्येक पत्रात एक वाक्य ठरलेलं असतं : 'सही केली होती, पण ती फक्त आवृत्तीसाठी.' सही कशासाठी केली हे तुमच्या मनात काय होतं त्यावरून ठरत नाही, कागदावर काय होतं त्यावरून ठरतं.

तर कागदाकडे येऊ. करार चार पानांचा, शंभराच्या स्टॅम्पवर. तुम्ही फोटो पाठवलेत पान एक आणि पान चारचे. सोबत लिहिलंत, 'मधल्या पानांत नेहमीचंच आहे.' हे वाचून मी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तुमचं सगळं प्रकरण त्या 'नेहमीच्या' पानांत आहे.

पान एकवर तुम्ही 'सदर कादंबरी, तिची भाषांतरे, रूपांतरे व तिच्यातील पात्रांवर आधारित पुढील लेखन' यांचे हक्क दिले आहेत. म्हणजे आवृत्तीपुरती सही नव्हती. पान चारवर १४ जून २०२२ ही तारीख, तुमची सही आणि दोन साक्षीदार. एवढ्यावर थांबलो तर तुमची बाजू पडलेली आहे.

पण कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ मध्ये चौथं उपकलम आहे. ते असं सांगतं : ज्याने हक्क लिहून घेतले त्याने ते करारापासून एक वर्षाच्या आत वापरले नाहीत, तर त्या हक्कांपुरतं हस्तांतरण वर्ष संपल्यावर आपोआप संपतं. नोटीस द्यावी लागत नाही, कोर्टात जावं लागत नाही, ते संपलेलं असतंच. वारस सह्या करून मोकळे होतात, प्रकाशक कागद कपाटात ठेवून मोकळे होतात, आणि वर्ष कधी सरलं हे दोघांनाही कळत नाही. तुमचं वर्ष जून २०२३ च्या मध्यावर संपलं. पुढच्या भागांचं काम प्रकाशकांच्या स्वतःच्या पत्राप्रमाणे सुरू झालं २०२५ च्या पाडव्याला. मध्ये पावणेदोन वर्षांचं अंतर आहे. ते पत्र जपून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला, आणि कृपा करून तळमजल्यावर ठेवू नका.

आता अडचण. त्याच उपकलमाच्या शेवटी मोजके शब्द आहेत, त्यांचा अर्थ असा की करारात वेगळं काही लिहिलं नसेल तरच हे लागू. जरा जाणता प्रकाशक तेवढी ओळ घालून ठेवतोच : 'हक्कांचा वापर एक वर्षात न केल्यास सदर हस्तांतरण रद्द होणार नाही.' अगदी याच शब्दांत असेल असं नाही. कधी ती 'इतर अटी'मध्ये बारीक टायपात असते, कधी कलम १९ (४) चा नुसता आकडा टाकून दिलेली असते. ती ओळ पान दोन किंवा तीनवर असेल तर एक उत्तर, नसेल तर दुसरं. बाकी सगळं याच्यानंतर.

ओळ नसेल असं धरून चालू. प्रकाशक म्हणतील, आम्ही हक्क वापरला की. डिसेंबर २०२२ मध्ये, म्हणजे वर्षाच्या आत आवृत्ती काढली. माझं वाचन वेगळं आहे. कायदा 'त्या हक्कांपुरतं' म्हणतो. छापण्याचा हक्क वापरला, तो टिकला. पात्रांवर पुढचं लिहवून घेण्याचा हक्क वेगळा, तो पडून राहिला, तो गेला. मला हे वाचन बरोबर वाटतं, आणि समोरचा वकील उलटं वाचून दाखवील हेही मला माहीत आहे. छातीठोक सांगण्याइतकी ही वाट मळलेली नाही.

पाचवं उपकलमही बघून ठेवा. करारात मुदतच लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, म्हणजे जून २०२७ पर्यंत. 'कायमस्वरूपी' असा शब्द असेल तर हा आधार गेला. तोही त्याच दोन पानांत सापडेल. करार जाचक आहे म्हणून रद्द करून घेण्याचा कलम १९-अ चा रस्ता काही जण सुचवतील. करारापासून पाच वर्षांच्या आत तसा आदेश देता येत नाही, तेव्हा तूर्त तो सोडा.

१९८९ चा करार पुरात गेला याची फार हळहळ करू नका. मुदत न लिहिल्यास पाच वर्षं आणि न वापरल्यास एक वर्ष, हे दोन्ही नियम १९९४ च्या दुरुस्तीने आले आणि १० मे १९९५ पासून लागू झाले. त्याआधीच्या करारांना ते लागत नाहीत. म्हणजे तो कागद हाती असता तरी या बाबतीत तुमच्या कामाचा नव्हता. प्रकाशक म्हणाले की आमच्याकडे १९८९ पासूनच सगळे हक्क आहेत, तर त्यांना विचारायचं की मग २०२२ साली माझी सही कशाला घेतलीत? आणि त्यांच्याकडची प्रत दाखवा म्हणायचं.

भावाचा उल्लेख तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, येता जाता केला आहे : 'भाऊ पुण्याला असतो, त्याला माहीत आहे.' माहीत असणं आणि सही असणं यात फरक आहे. आईंनी मृत्युपत्र केलं नसेल तर कॉपीराइट मुलांकडे आणि त्या वेळी वडील हयात असतील तर त्यांच्याकडेही समान वाट्याने आला. तुमच्या एकटीच्या सहीने भावाचा वाटा जात नाही. मुद्दा चांगला आहे, पण मी तो पहिला वापरणार नाही. तो काढला की प्रकाशक बाजूला राहतात आणि बहीणभावांचा दावा उभा राहतो. असे दावे मी पाहिले आहेत. पहिल्या तारखेला दोघं एका रिक्षातून येतात, पाचव्या तारखेला वेगवेगळ्या. भावाला आजच फोन करा आणि प्रकाशकांना पाठवायच्या नोटिशीवर दोघांची नावं घाला. एवढ्याने हा मुद्दा आपल्या बाजूचा होतो.

पुढचा भाग लिहिणं हे मुळात कॉपीराइटमध्ये बसतं का, याबद्दल मी हात राखूनच बोलणार. आपल्या कायद्यात 'उत्तरकथा' असा शब्दच नाही. कल्पनेला संरक्षण नसतं, मांडणीला असतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद प्रकरणात सांगून ठेवलं आहे. पात्र हे कल्पनेत मोडतं की मांडणीत, ते पात्र किती ठाशीव आहे त्यावर ठरतं. 'बोबन आणि मॉली' या मल्याळी व्यंगचित्रातल्या जोडीवरून चित्रकार टॉम्स आणि वृत्तपत्र यांच्यात वाद झाला, तेव्हा केरळ उच्च न्यायालयाने पात्रं जन्माला घालणाऱ्याचीच बाजू घेतली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये 'दबंग'मधल्या चुलबुल पांडेच्या निमित्ताने वेगळेपणा असलेल्या पात्राला संरक्षण मिळू शकतं हे तत्त्व मान्य केलं. तुमच्या आईंची नायिका नाव, गाव, बोलण्याची लकब, सगळ्याने ओळखू येते, ही जमेची बाजू. शिवाय प्रकाशकांनीच 'पात्रांवर आधारित पुढील लेखन' असे शब्द टाकून सही घेतली, म्हणजे परवानगी लागते हे त्यांनाही वाटत होतं.

कलम ५७ चं सगळेच विचारतात. लेखकाच्या कृतीची मोडतोड होऊन त्याच्या लौकिकाला बाधा येत असेल तर वारसांना दाद मागता येते. मन्नू भंडारी यांच्या कादंबरीवरच्या चित्रपटाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ साली म्हटलं की करारात बदल करायची मुभा असली तरी मूळ कृती विद्रूप करायची मुभा नसते. पण तिथे तीच गोष्ट पडद्यावर येत होती. इथे मूळ कादंबरीचं एक अक्षरही बदलत नाही, शेजारी नवं पुस्तक येतंय. शिवाय ते अजून कुणी वाचलेलं नाही. न वाचलेल्या पुस्तकाने बदनामी होते हे न्यायाधीशांना पटवायला मला जमणार नाही.

आईंचं 'मी सांगणार नाही' हे वाक्य कुठे लिहिलेलं आहे का? पत्रात, दिवाळी अंकातल्या मुलाखतीत, एखाद्या ध्वनिफितीवर? मिळालं तर द्या, पण त्यावर इमारत बांधू नका. 'गॉन विथ द विंड' १९३६ ची. लेखिकेने पुढचा भाग लिहायला नकार दिला, १९४९ साली ती गेली, आणि १९९१ मध्ये वारसांच्याच परवानगीने तो भाग दुसरीने लिहिला. लेखकाचा नकार त्याच्या मागे टिकायचा तर तो मृत्युपत्रात किंवा करारात उतरायला हवा. तुमच्या आईंचा कॉपीराइट २०७४ अखेरपर्यंत आहे, तेव्हा तुम्ही तरी ते लिहून ठेवा.

आणि गरज आहे का, हे वाचक म्हणून विचारत असाल तर : नाही. मिरज जंक्शनच्या फलाटावर ती उभी आहे, गाडी हलते आणि कादंबरी संपते. ती चढली की नाही यावरून आमच्या घरात दोन तट आहेत. बायको म्हणते चढली, मी म्हणतो नाही. पुढचा भाग आला की पहिल्याच पानावर हा वाद मिटेल, आणि निकाली निघालेले वाद बघायची मला तशीही सवय नाही.

आता उशिराबद्दल बोलावंच लागेल. पाडव्याला पत्र आलं, तुम्ही मला दिवाळी उलटल्यावर लिहिलंत. सात महिने. पुस्तक थांबवायचं तर दाव्यासोबत निशाणी ५ चा अर्ज, म्हणजे तूर्तातूर्त मनाईचा, आणि त्यात पहिला प्रश्न येतो की इतके दिवस कुठे होतात? शिवाय व्यावसायिक स्वरूपाच्या दाव्यात तातडी नसेल तर आधी मध्यस्थीला जावं लागतं. तातडी आहे असं म्हणावं तर सात महिने आडवे येतात. संक्रांतीला पुस्तक बाजारात आलं की मनाईत फारसा जीव राहत नाही, उरतो तो नुकसानभरपाईचा दावा, आणि त्याच्या तारखा तुमच्या मुलीला घ्याव्या लागतील. एक सोय आहे : कॉपीराइटचा दावा तुम्ही राहता तिथल्या कोर्टात लावता येतो, त्यासाठी प्रकाशकांच्या गावी खेटे घालायला नकोत.

चेक टाकला नाहीत हे उत्तम. त्यामागे विचार होता की तो ड्रॉवरमध्ये विसरला, हे मी विचारत नाही. तीन महिन्यांत तो शिळा झाला. पण घरात ठेवू नका, 'पुढील भागांस माझी संमती नाही व नव्हती' अशा दोन ओळींसह परत पाठवा. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालं आहे. पोच घेण्याची सवय मात्र विलीन होऊ देऊ नका. प्रकाशकांचा फोन आला तर गोड बोला, पण 'बघू', 'चालेल', 'तुम्हीच ठरवा' यातलं काही बोलू नका, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठाही टाकू नका.

ती ओळ करारात निघालीच, तर मी तुम्हाला कोर्टात जा म्हणणार नाही. मग प्रकाशकांशी बसून हस्तलिखित आधी वाचायला मिळणं, मुखपृष्ठावर नवं लेखन कुणाचं हे ठळक येणं, आणि तीनऐवजी एकच भाग, एवढं पदरात पाडून घेऊ.

पण ते नंतर. नोटीस मला याच आठवड्यात काढायची आहे आणि तिचा मसुदा दोन पानांसाठी अडला आहे. पान दोन आणि पान तीन, मागच्या बाजूला काही लिहिलं असेल तर तेही. फोटो दिवसाउजेडी काढा, पंखा बंद करून. पान एकच्या फोटोत खालच्या तीन ओळी उडाल्या आहेत.