वजनाचं नंतर बघू

चि. …,
अनेक आशीर्वाद.

एसजी बॉल या रग्बी लीगच्या युवा स्पर्धेच्या निवडीआधी 10 किलो वाढवू का, हे तू एकाच पत्रात तीनदा विचारलंस. समोरची पोरं 100 किलोची, तू 82चा, धास्ती कळते. वाढव की. आठवड्याला पाव किलो, त्याहून घाई नको. पण टॅकल करताना, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडताना, तुझं डोकं कुठे असतं, हे एकदाही लिहिलं नाहीस!

रग्बी लीगमध्ये प्रत्येक टॅकलनंतर बचावफळी 10 मीटर मागे जाते आणि पुन्हा धावत येऊन भिडते. हूकरला, म्हणजे मधोमध खेळणाऱ्याला, 80 मिनिटांत असे 40 टॅकल सहज पडतात. म्हणून पाय आधी. शेवटच्या दोन मीटरांत पावलं आखूड कर. ज्या खांद्याने भिडणार, त्याच बाजूचा पाय चेंडूवाल्याच्या पायांजवळ रोव. नजर त्याच्या शॉर्ट्सवर, डोकं त्याच्या पाठीच्या बाजूला, गाल कमरेला चिकटलेला. मग हात आवळ आणि पाय चालवत राहा. पाऊल लांब पडलं की तू झेपावतोस, मान खाली जाते आणि त्याचा गुडघा तुझ्या कानशिलात बसतो. कबड्डीतला चांगला कोपरारक्षकसुद्धा आधी पाय सरकवतो, मग पकड टाकतो. घाईने चढवलेलं वजन नेमकं तेच पाऊल जड करतं.

तुझा उजवा खांदा जोरकस. चेंडूवाला डावीकडून निघाला तरी तू उजवाच पुढे करणार, आणि डोकं त्याच्या वाटेत जाणार. म्हणून डाव्या खांद्याचा सराव दुप्पट: आधी गुडघ्यांवर, मग चालत, मग अर्ध्या वेगात, आणि शेवटी दमल्यावर. दमल्यावरच डोकं चुकतं.

हूकर कॅमेरॉन स्मिथ ना धिप्पाड, ना वेगवान. तरी एनआरएलचे, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या सर्वोच्च लीगचे, 430 सामने खेळला. बॉइड कॉर्डनर ऑस्ट्रेलियाचा कर्णधार, तरी डोक्याला वारंवार मार बसल्याने 2021 मध्ये थांबला. त्याचं तंत्र कच्चं नव्हतं. पक्क्या तंत्राचीही ही गत होते, तर कच्च्याचं काय? एनआरएलमध्ये 2023 पासून कन्कशन (डोक्याला मार बसून मेंदूला धक्का) झालं की साधारण 11 दिवस बाहेर. तू त्याहून कमी धरू नकोस. निवडीच्या महिन्यात ते परवडेल?

तेच तेच सांगतो म्हणून हसशील. हस.

पुढचा व्हिडिओ बाजूने काढ. समोरून पाऊल कुठे पडलं ते दिसत नाही. आणि फक्त डाव्या खांद्याचे टॅकल पाठव.