पंधराशे रुपयांची चिंगी

पुण्यातल्या धायरीहून एका वाचकाचं पत्र आलंय. पत्र लांबलचक आहे, त्यातलं कामापुरतं सांगतो. नवरा-बायको दोघंही कमावतात. नवऱ्याच्या हातात महिन्याला ६२,००० येतात, शिवाय बायकोचे शाळेतले २१,०००. घरात आई आणि पहिलीतला मुलगा. ऑगस्टमध्ये सोसायटीच्या गेटसमोर टेम्पोखाली येऊन एका कुत्रीचा मागचा पाय मोडला. एका प्राणीसंस्थेने ऑपरेशन करून पायात प्लेट बसवली आणि हाड जुळेपर्यंत सांभाळायला कुणीतरी हवं म्हणून ती यांच्या घरी आली. फॉस्टर, म्हणजे तात्पुरता सांभाळ, सहा आठवडे, असं ठरलं होतं. आता तिचं नाव चिंगी आहे आणि ती मुलाच्या पलंगाखाली झोपते. औषधं आणि लस आजवर संस्थेनेच दिली. संस्था विचारतेय, कायमची घेताय की दुसरं घर बघू? नोव्हेंबरअखेर सांगा. यांनी खर्च काढलाय महिना १,५००. परवडेल का, आणि त्यासाठी ८,००० ची एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) बंद करू का, असे दोन मुख्य प्रश्न आहेत. शिवाय मेहुण्यांचं मत जोडलंय: "गावठी कुत्रं फुकटात मिळतंय, त्याला लागतं काय? शिळी पोळी!"

नमस्कार.

आधी उत्तर सांगून टाकतो. दत्तकाच्या कागदावर या महिन्यात सही करू नका आणि चिंगीला परतही पाठवू नका. मार्चअखेरपर्यंत फॉस्टरच राहू द्या. एसआयपीला हात लावू नका.

तुमच्या पत्रात अगदी शेवटी, जाता जाता, एक ओळ आहे: क्रेडिट कार्डावर ३८,००० राहिलेत आणि "मिनिमम भरतोय". मी तिथेच थांबलो. महिना साडेतीन टक्क्यांनी त्याचं व्याज १,३३० होतं, त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १,५६९. तुम्ही चिंगीचा महिन्याचा खर्च जेवढा काढलाय, त्याहून हे जास्त आहे. म्हणजे एक चिंगी तुम्ही आधीच पोसताय, फक्त ती बँकेत राहते आणि शेपूट हलवत नाही.

तुमची ९०,००० ची एफडी आहे. ती मोडायला जीव होत नाही, हे पत्रातूनच कळतं. अडीअडचणीचे पैसे आहेत ना! पण कार्डाचं देणं हीच अडचण आहे. वर्षाला बेचाळीस टक्के व्याज देत एकीकडे सहा-सात टक्क्यांवर पैसे ठेवण्यात काही अर्थ नाही. ३८,००० काढा, कार्ड शून्यावर आणा, उरलेले ५२,००० पुन्हा ठेवा. हे चिंगी असो वा नसो, या आठवड्यात करायचं काम आहे.

आता महिन्याचं गणित. तुम्ही दिलेल्या आकड्यांप्रमाणे ८३,००० पैकी घराचा हप्ता २४,५००, घरखर्च ३१,०००, मुलाची शाळा आणि व्हॅन ७,५००, आईंची औषधं ३,०००, विम्याचे हप्ते महिन्याला वाटून २,५०० आणि एसआयपी ८,०००. राहतात ६,५००. सध्या यातूनच कार्डाचं मिनिमम जातंय. ते थांबलं की सगळे ६,५०० मोकळे.

तुमचे १,५०० कुठून आले ते कळलं. चिकनवाल्याकडच्या पाय-मुंड्या, तांदूळ, अधूनमधून अंडं. अठरा किलोच्या कुत्रीला हे १,८०० पर्यंत जातंच. यादीत जे नाही ते असं: गोचिडांचं औषध आणि जंताच्या गोळ्या मिळून महिना ५००. रेबीजची आणि दुसऱ्या रोगांची लस दरवर्षी, डॉक्टरांच्या फीसकट सुमारे २,०००. किरकोळ तपासण्यांचे महिना ३०० धरा. आणि मग मे महिना येतो. तुमचं गाव चिपळूणजवळ आहे म्हणता. रेल्वेत कुत्रा तुमच्याजवळ हवा तर फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे, म्हणजे दोन बर्थची बंद खोली, घ्यावा लागतो, नाहीतर तो गार्डच्या डब्यात. कूपे तुम्ही घेणार नाही, गार्डच्या डब्यात एकटीला ठेवायला मुलगा तयार होणार नाही. म्हणजे बोर्डिंग. दिवसाला ६०० धरले तरी वर्षाचे दहा दिवस ६,०००. सगळं महिन्यावर वाटलं तर ३,३०० च्या आसपास येतं. तुमच्या आकड्याच्या दुपटीहून जास्त.

गावठी कुत्र्याला बारा-तेरा वर्षं आयुष्य सहज असतं. बारा वर्षं धरली तर महागाई न मोजताच पावणेपाच लाख होतात. मेहुण्यांना हा आकडा जरूर दाखवा. घाबरवायला नाही हो, "फुकट" हा शब्द त्यांनी मागे घ्यावा म्हणून.

पण खरं सांगू का, ३,३०० ची मला फार काळजी नाही. तो खर्च दर महिन्याला समोर दिसतो, दिसतो म्हणून आवरता येतो. कुत्रा पाळणाऱ्याचं बजेट मोडतं ते एखाद्या रात्री.

आमच्याकडे बाळ्या होता. काळा-पांढरा, एक कान पडलेला. गणपतीत दोन दिवस जेवला नाही. आरतीच्या गडबडीत कुणी लक्ष दिलं नाही, मोदकाकडेही त्याने पाहिलं नाही तेव्हा बायको म्हणाली, याचं काहीतरी बिनसलंय. वरचा ओठ उचलून पाहिला तर हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या. गोचीडताप. रक्ततपासण्या, प्लेटलेट, सलाईन, नऊ दिवस रोज रिक्षाने नेआण. पहिल्या दवाखान्यात साधा ताप म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं होतं, त्यात दोन दिवस गेले. शेवटी बिल २७,००० वर गेलं. लोकांना आपत्कालीन निधीवर भाषणं देणाऱ्या माणसाने ते मुलीच्या कॉलेजच्या फीमधून भरले, कारण कुत्र्यासाठी वेगळे पैसे बाजूला ठेवायचे असतात हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. नंतर अठ्ठावीस दिवस गोळ्या. गोळी तूप लावलेल्या पोळीच्या घडीत घालून द्यायचो. बाळ्या पोळी खायचा आणि गोळी नीट माझ्या पायाशी ठेवायचा.

म्हणून ३,३०० वर आणखी १,५०० वेगळ्या खात्यात. त्याला "चिंगी" असंच नाव द्या, बँकेच्या ॲपमध्ये देता येतं. पहिलं लक्ष्य २५,०००. बँकेचं रिकरिंग खातं किंवा लिक्विड फंड (ज्यातून पैसे चटकन काढता येतात असा म्युच्युअल फंड), काहीही चालेल. व्याजासाठी नाही, रात्री अकरा वाजता कार्ड पुढे करावं लागू नये म्हणून. चिंगीच्या बाबतीत हे जास्तच लागू आहे. प्लेट कधीकधी त्रास देते, काढावी लागते. मोडलेल्या पायाचा सांधा म्हातारपणी दुखतो. हे दोन्ही खर्च येतीलच असं नाही, पण आले तर तुमच्याच अंगावर येतील.

विम्याचं तुम्ही विचारलंय. आपल्याकडे कुत्र्यांचा विमा मिळतो, पण आधीपासूनचं दुखणं त्यात धरत नाहीत. म्हणजे ज्या पायाची तुम्हाला भीती आहे तोच पाय पॉलिसीबाहेर. काही पॉलिसींत कुत्रा कुणाला चावला तर द्यावी लागणारी भरपाई असते. सोसायटीत लहान मुलं आहेत, तेवढ्यासाठी एखादी पाहायला हरकत नाही. पण पॉलिसी घेतली म्हणून खातं काढायचं टाळू नका. आणि हो, आरोग्य विम्याच्या हप्त्यावर आयकरात जी सवलत मिळते (लोक ८०डी म्हणतात ती), तिच्यात यातला एक रुपयाही बसत नाही. ती सवलत तुम्ही, बायको, मुलं आणि आई-वडील एवढ्यांपुरतीच आहे. कुटुंबातलं मानत असलात तरी.

आता फॉस्टर का, ते. फॉस्टर असताना लस, डॉक्टर, पायाचं पुढचं काम संस्थेकडे. तुमच्याकडे खाणं आणि माया. चिंगीचा मोठा, न दिसणारा खर्च सध्या दुसरं कुणीतरी उचलतंय आणि तुम्ही तिच्यासोबत राहून बघताय. असा सौदा शेअर बाजारात कुणी देत नाही. नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांत खाण्याचे १,८०० सोडून महिना ४,७०० उरतात. बाजूला टाकलेत तर २३,५०० होतात. म्हणजे सही करायच्या दिवशी चिंगीचं खातं जवळपास भरलेलं असेल. या महिन्यांत पैसे बाजूला पडलेच नाहीत, तर तेही कळेल, आणि वेळेवर कळेल.

संस्थेशी मोकळेपणाने बोला. फॉस्टरला घरं मिळणं अवघड असतं, पाच महिने वाढवून मागितले तर बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत. औषधोपचार मार्चपर्यंत त्यांच्याकडे, हे मात्र लिहून घ्या. ऑपरेशनचे कागद, एक्स-रे आणि लसीकरणाचं कार्ड मागा. तिची नसबंदी झालीय का विचारा. पालिकेच्या मोहिमेत झालेली असेल तर कानाला खाच दिसेल. नसेल झाली तर दत्तकाआधी त्यांच्याकडूनच करून घ्या.

मधल्या काळात तिला दुसरं चांगलं घर मिळालं तर? तर तिला जाऊ द्यावं लागेल, आणि मुलाची समजूत काढावी लागेल. हे लिहायला मला सोपं आहे, याची कल्पना आहे. संस्था "आत्ता नाहीतर कधीच नाही" म्हणाली, तर माझं मत चिंगीला घ्या असंच आहे, पण कार्ड फेडल्यानंतर. मग ३,३०० आणि १,५०० पहिल्या दिवसापासून. उरतात १,७००, वर्षभर ताण राहील. खातं भरेपर्यंत हॉटेलं बंद, दिवाळीचे कपडे साधे.

दत्तक एकदा झालं की मागे फिरता येत नाही, एवढं ध्यानात असू द्या. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की दत्तक घेतलेला भटका कुत्रा पुन्हा रस्त्यावर जाणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात पाळलेलं जनावर वाऱ्यावर सोडणं गुन्हा आहेच. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र दहा ते पन्नास रुपये. आकडा वाचून हसू नका, कायदा तेव्हाचा आहे.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी "पाळीव प्राणी बंद" असा ठराव करू म्हटलंय, त्याने गडबडून जाऊ नका. बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाने सोसायट्यांना केव्हाच कळवलंय. महापालिकेचा परवाना तेवढा काढून ठेवा.

एक गोष्ट पत्रात कुठेच नाही: आईंचं मत. सकाळी साडेआठला तुम्ही दोघं बाहेर पडता, मुलगा शाळेत. संध्याकाळपर्यंत घरात आई आणि चिंगी, दोघीच. दुपारी खाली कोण नेतं? अठरा किलोची कुत्री मांजर दिसलं की पट्टा ओढते, आणि आईंचे गुडघे दुखतात असं तुम्हीच लिहिलंय. त्यांनी मनापासून हो म्हटलं तर ठीक. दुपारी फिरवायला माणूस ठेवावा लागला तर महिन्याचे निदान ३,००० जातील, आणि मग वरचे १,७०० उणे १,३०० होतात. तेव्हा आज रात्री जेवणं झाल्यावर, मुलगा झोपल्यावर, त्यांना विचारा. त्या काय म्हणाल्या ते मला कळवा, मग पुढचं बोलू.