अमेरिकेत शाळेच्या पालक-शिक्षक गटाला करमुक्त दर्जा कसा मिळवायचा?

तुमचा गट वर्षाला वीसेक हजार डॉलर जमवत असेल, तर फॉर्म १०२३-ईझेड, म्हणजे अमेरिकी करखात्याचा करमुक्तीसाठीचा छोटा अर्ज, पुरेल. वार्षिक जमा ५०,००० आणि मालमत्ता २,५०,००० डॉलरच्या आत हवी. आधी गटाच्या नावाने ईआयएन, म्हणजे करखात्याचा संस्था-ओळख क्रमांक, घ्या, तो फुकट मिळतो. शाळेचा नंबर मुळीच वापरू नका.

मग गटाची घटना (स्थापनेचा दस्तऐवज) नीट वाचा. गट बंद पडला तर उरलेला पैसा करमुक्त कामासाठीच जाईल, हे कलम हमखास राहून जातं. ईझेडमध्ये घटना जोडावी लागत नाही, तिथे कलम आहे अशी फक्त खूण करायची असते. म्हणून कलम नसतानाही खूण होते आणि पुढे चौकशीत दर्जा अडकतो.

अर्ज पे डॉट गव्ह (Pay.gov) या सरकारी संकेतस्थळावर, फी २७५ डॉलर. स्थापनेपासून २७ महिन्यांत भरलात तर सूट पहिल्या दिवसापासून लागू. नंतर दरवर्षी ९९०-एन हे छोटं ऑनलाइन विवरणपत्र भरायचं. सलग ३ वर्षं चुकलं की दर्जा आपोआप रद्द.