यानाचा 'मागोवा' की 'वेध'?

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी फलक लिहिणाऱ्या एका शिक्षिकेने प्रश्न विचारला आहे. त्यांनी लिहिले होते, 'खोडदच्या रेडिओ दुर्बिणींनी मंगळावर उतरणाऱ्या यानाचा मागोवा घेतला.' मुख्याध्यापकांनी 'मागोवा घेतला' खोडून 'पाठपुरावा केला' असे लिहिले. यांतले बरोबर कोणते, आणि 'दुर्बीण' या शब्दातला 'दु' ऱ्हस्व लिहायचा की दीर्घ, असे त्यांना हवे आहे.

'दु' ऱ्हस्व. शब्द फारसी 'दूरबीन'वरून आलेला असला तरी मराठीत तो ऱ्हस्व होऊनच रुळला आहे, आणि 'दुर्बिणी' हे रूप होताना 'बि'सुद्धा ऱ्हस्व होतो. 'पाठपुरावा' तर लगेच बाजूला ठेवावा. पाठपुरावा अर्जाचा होतो, मागणीचा होतो, अडकलेल्या अनुदानाचा होतो. यानाकडे कोणाचे काही थकलेले नसते. 'मागोवा' मात्र इतका सहज सोडता येणार नाही, कारण प्रत्येक प्रक्षेपणाच्या वेळी बातम्यांतून तो कानावर आदळतो आणि दर वेळी मला तितकाच खटकतो. 'उपग्रहाचा मागोवा घेणारी केंद्रे', 'यानाचा अखंड मागोवा' असे बोलणाऱ्याने मागोवा कशाचा घेतात याचा क्षणभरही विचार केलेला नसतो.

'मागोवा'च्या पोटात 'माग' आहे. माग म्हणजे जो पुढे निघून गेला त्याने मागे ठेवलेली खूण. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ज्ञानेश्वर व्यासांचा मागोवा घेत आणि भाष्यकारांना वाट पुसत आपण चाललो असे सांगतात, तेव्हा या शब्दाचा अर्थ अगदी लख्ख उमटतो: व्यास आधी जाऊन आले आहेत, त्यांची पावले उमटली आहेत, आणि मागून येणारा त्या पावलांवर पाऊल ठेवतो आहे. वर्षभरातल्या घटनांचा मागोवा घेतात तोही यासाठीच, कारण वर्ष सरलेले असते.

खोडद हे गाव जुन्नर तालुक्यात, नारायणगावाजवळ आहे, आणि जुन्नर तालुका बिबट्यांचा आहे. उसाच्या फडाच्या कडेला ओल्या मातीत उमटलेला ठसा पाहून वनखात्याची माणसे बिबट्या किती वेळापूर्वी गेला, कोणत्या बाजूला वळला, सोबत पिल्ले होती का, हे सांगतात. तो माग काढणे. त्याच परिसरात रेडिओ दुर्बिणींच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत, आणि त्या जे करतात ते याच्या नेमके उलट आहे. अवकाशात ओली माती नाही. यान जिथून गेले तिथे शोधण्यासारखे काहीच उरत नाही. यान कोणत्या क्षणी कोणत्या दिशेला असणार याचे गणित आधी मांडलेले असते, त्या गणिताप्रमाणे तबकडी आधीच वळवून ठेवतात, आणि मग त्या दिशेने येणारी लहर पकडतात. 400 मेगाहर्ट्झच्या आसपास अशा एका तबकडीची नजर जेमतेम 1 अंशाची, म्हणजे पूर्ण चंद्राच्या साधारण दुप्पट रुंदीची असते. या एवढ्याशा झरोक्यात यान सापडले तर सापडले. माग काढणारा खाली पाहत, मागून चालत असतो. इथे मात्र नेम धरलेला असतो.

आणि नेम धरण्याला मराठीत शब्द आहे, तो म्हणजे 'वेध'.

28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदचे केंद्र सर्वांसाठी खुले असते. अशाच एका दिवशी मी एका तबकडीच्या अगदी खाली उभी होते. लांबून भरीव वाटणारी ती तबकडी जवळून पाहिली तर स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी निघते, आणि तिच्यातून निळे आकाश आरपार दिसते. मीटरभर लांबीच्या लहरींना ही जाळी आरशासारखी असते, वारा मात्र तिच्यातून निघून जातो. या दुर्बिणी उभारणारे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतले हे सर्वांत देखणे सूत्र आहे. मी पाहत असताना ती तबकडी हळूहळू कलली, एका दिशेला स्थिरावली, आणि मग ज्या ताऱ्याकडे किंवा दीर्घिकेकडे ती रोखलेली असेल त्याच्याबरोबर, डोळ्यांना जाणवणार नाही इतक्या संथपणे, सरकत राहिली. तिथे काम करणारी माणसे याला 'ट्रॅकिंग' म्हणतात आणि बोलताना तसे म्हणायला माझी हरकत नाही. पण फलक मराठीत लिहायचा असेल, तर जे डोळ्यांसमोर चालले होते त्याला वेध घेणे असेच म्हणावे लागेल.

'वेध' हा संस्कृत 'व्यध्' या धातूवरून आला आहे. अर्थ भोसकणे, टोचणे, आरपार जाणे. कान टोचण्याचा संस्कार तो कर्णवेध. बाण लागलेला तो विद्ध. मराठीतले 'विंधणे' याच घरातले, त्यामुळे गावोगावच्या विंधन विहिरी आणि कुलाब्याची वेधशाळा ही सख्खी भावंडे आहेत: एक जमिनीत भोक पाडते, दुसरी आकाशात. कुलाब्याचे नाव मुद्दाम घेतले, कारण वेधशाळा म्हणजे पावसाचा अंदाज सांगणारे कार्यालय असे आता अनेकांना वाटते. 1826 साली ती उभी राहिली ती आकाशातल्या गोलांचे वेध घेण्यासाठी आणि जहाजांना अचूक वेळ कळावी यासाठी. चुंबकत्वाच्या आणि हवामानाच्या नोंदी मागून आल्या.

पण या धातूचे सर्वांत लाडके अपत्य म्हणजे 'व्याध', शिकारी. आता 'माग'कडे परत चला. माग हा 'मार्ग'वरून, प्राकृत 'मग्ग'मधून आला, आणि 'मार्ग' हा 'मृग'वरून. मार्ग म्हणजे मुळात मृगाची वाट, रानातल्या जनावराने तुडवलेली पायवाट. म्हणजे प्रश्नकर्त्या शिक्षिकेच्या फलकावरच्या एकाच जागेसाठी 'मागोवा' आणि 'वेध' हे जे दोन शब्द आता भांडत आहेत, त्यांतल्या एकाच्या मुळाशी मृग आहे आणि दुसऱ्याच्या घरात व्याध. हे दोघे आकाशातही समोरासमोर आहेत. हिवाळ्यात मृग नक्षत्राच्या मधले तीन ओळीतले तारे पाहावेत. तो मृगाच्या शरीरात रुतलेला बाण. त्याच रेषेत आग्नेयेकडे नजर नेली की रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा दिसतो, तो व्याध. ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात प्रजापती मृगरूपाने रोहिणीमागे धावतो आणि रुद्र त्याला बाण मारतो, ती ही कथा. तिथे त्या बाणाला 'इषुस्त्रिकाण्डा' असे नाव आहे, तीन कांड्यांचा बाण. इतक्या जुन्या काळापासून आपल्या आकाशात एक मृग वाट तुडवतो आहे आणि एक व्याध त्याचा वेध घेतो आहे, आणि भाषेने दोघांच्या कामांना दोन वेगळे शब्द दिले आहेत. ते एकत्र कालवणे मला भाषेचा अपराध वाटतो.

यावर दोन आक्षेप ठरलेले असतात. पहिला जुन्या टीकाकारांच्या आधाराने येतो: 'मार्ग' हा 'मृज्', म्हणजे पुसणे, स्वच्छ करणे, या धातूवरून साधावा, कारण वाट पावलांनी पुसली जाते. व्याकरणाच्या नियमात हे बसत असेल, पण माणसाने झाडून काढलेल्या रस्त्याआधी जनावरांच्या वाटा होत्या, आणि शोधणे या अर्थाचा 'मृग्' धातू या मंडळींच्या समोर उभा असताना त्यांनी हाती झाडू घ्यावा हे मला मुळीच पटत नाही. दुसरा आक्षेप त्याहून कच्चा आहे. एका व्याख्यानात 'वेध' आणि 'वेद' एकाच मुळाचे, दोन्हींचा अर्थ जाणणे, असे ठासून सांगितलेले मी ऐकले आहे. 'वेद' हा 'विद्'वरून येतो, 'वेध' हा 'व्यध्'वरून. 'द' आणि 'ध' यांतला फरक ज्याला ऐकू येत नाही त्याने व्युत्पत्ती सांगू नये.

सरकारी हिंदीत यासाठी 'अनुवर्तन' हा शब्द योजला आहे. यानांशी संपर्क राखणाऱ्या इस्रोच्या बंगळुरूच्या केंद्राच्या हिंदी नावातही तो आहे. त्याच्या बाजूने असे सांगतात की वेध क्षणाचा असतो आणि इथे काम तासन्‌तास चालते, म्हणून मागोमाग वळत राहण्याचा भाव आणणारा शब्द हवा. मला हे मान्य नाही. अनुवर्तनात पुन्हा तेच मागे जाणे आले. सतत चालणाऱ्या कामाला 'सतत वेध' म्हणता येते, आणि नेम एकदा धरला की तो ढळू न देणे हाही वेधाचाच भाग आहे. वेध घेऊन किती मिळते याचे उदाहरण पहिल्याच उपग्रहाने दिले. 4 ऑक्टोबर 1957 रोजी स्पुटनिक उडाला. अमेरिकेत गायर आणि वायफेनबाख या दोन तरुण शास्त्रज्ञांनी त्याच्या संदेशाची कंप्रता (फ्रिक्वेन्सी) जवळ येताना किती वाढते आणि दूर जाताना किती घटते एवढेच मोजून त्याची कक्षा काढली. इंग्लंडमध्ये जॉड्रेल बँक वेधशाळेच्या नव्याकोऱ्या 76 मीटरच्या तबकडीने तर स्पुटनिकला वर नेणाऱ्या, स्वतः काहीच न बोलणाऱ्या अग्निबाणावर रडारच्या लहरी सोडल्या आणि त्याचा प्रतिध्वनी पकडला. लहर सोडली, लक्ष्याला लागली, परत आली. यापेक्षा शब्दशः वेध कोणता असणार?

शिवाय 'वेध' पुढे पाहतो. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात, चंद्रग्रहणाचे तीन प्रहर आधी, आणि तिथूनच सुटीचे वेध, वारीचे वेध लागू लागले. जे अजून यायचे आहे त्याच्याकडे मन आधीच वळलेले असणे, असा अर्थ त्यात शिरला. मंगळाकडे आधीच वळवून ठेवलेल्या तबकडीला दुसरा कोणता शब्द शोभेल?

आता फलकावरच्या घटनेकडे वळते. 19 ऑक्टोबर 2016 रोजी युरोपीय अंतराळ संस्थेचे स्किआपरेल्ली हे यान मंगळावर उतरत होते. त्याचा मोजक्या वॅटचा, 401 मेगाहर्ट्झच्या आसपासचा संदेश सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर ओलांडून खोडदला पोचायला पावणेदहा मिनिटे लागत होती. त्यातली माहिती वाचण्याइतका तो सबळ नव्हता. पण तो आहे की नाही आणि त्याची कंप्रता किती सरकली, एवढे कळत होते. यानाच्या गतीत सेकंदाला 1 किलोमीटरचा फरक पडला की ही कंप्रता सुमारे 1,340 हर्ट्झने सरकते. यान वातावरणात शिरले, हवाई छत्री उघडली, हे त्या सरकण्यावरून खोडदला दिसले. आणि मग, ठरलेल्या वेळेच्या थोडे आधी, संदेश तुटला. छत्री वेळेपूर्वी सुटली होती आणि यानाचा वेग कमी करणारे अग्निबाण जेमतेम तीन सेकंद पेटून विझले होते, हे नंतरच्या तपासात निघाले.

दुसऱ्या दिवशी नासाच्या मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरने मंगळाभोवती फिरताना त्या जागेचे छायाचित्र घेतले. त्यात एक पांढरा ठिपका होता, ती छत्री; आणि तिच्यापासून साधारण किलोमीटरभर अंतरावर, यान आदळले तिथे, एक काळा डाग होता. तो ठसा होता, आणि तो मातीत उमटलेला होता.

शिक्षिकाबाईंनी फलकावर 'खोडदच्या रेडिओ दुर्बिणींनी यानाचा वेध घेतला' असे लिहावे. 'मागोवा' त्यांनी पुसून टाकू नये, दुसऱ्या ओळीत हलवावा: 'आणि दुसऱ्या दिवशी मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाने त्याचा माग काढला.'