अभ्यासक्रम मागवण्याआधी मुलीची वही वाचा

प्रश्न : आम्ही बोरिवलीत राहतो. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ८ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी दोघांनाही शाळेतून काढलं, आता घरीच शिकवते. माझं स्वतःचं शिक्षण मराठी माध्यमातलं. मुलगी इंग्रजी गोष्टींची पुस्तकं भराभर वाचते, बोलतेही बऱ्यापैकी. पण लिहायला बसली की एकच लांबलचक वाक्य आणि त्यात ढीगभर चुका. सासरे म्हणतात, रेन अँड मार्टिनचं व्याकरणाचं पुस्तक सुरू कर. होमस्कूलिंग करणाऱ्या मैत्रिणी म्हणतात, अमेरिकेतून व्याकरण आणि लेखनाचा अख्खा संच मागव. तो परवडेल, पण ओढाताण होईल. काय घ्यावं? पुढे दहावीला आणि करिअरला अडायला नको. सोबत मुलीच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवत आहे.
– एक आई, बोरिवली

उत्तर : नमस्कार ताई,

वहीचं पान पाठवलंत हे फार चांगलं केलंत. तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्या पानातच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. तुमच्या मुलीने लिहिलंय : ‘वी वेन्ट टू नॅशनल पार्क अँड इट वॉज रेनिंग अँड बाबा सेड लेट्स वॉक टू कान्हेरी अँड वी सॉ डिअर अँड आय वॉज हॅविंग ओन्ली वन अम्ब्रेला सो आय गेव्ह टू माय ब्रदर.’

आधी जमेची बाजू. घटनांचा क्रम नीट आहे, स्पेलिंग एकही चुकलेलं नाही (हा भरपूर वाचनाचा फायदा), आणि छत्री एकच असताना ती भावाला दिली, हा तपशील सांगण्यासारखा आहे हे तिला कळलंय. अकराव्या वर्षी एवढं असणं ही भक्कम सुरुवात आहे. चुका तुम्हाला ढीगभर वाटतात, पण प्रकार मोजले तर चारच. वाक्य कुठे संपवायचं ते कळत नाही, म्हणून सगळीकडे ‘अँड’. ‘नॅशनल पार्क’च्या आधी ‘द’ नाही, आणि हरीण एकच दिसलं असेल तर ‘डिअर’च्या आधी ‘अ’ही हवा. ‘आय हॅड’ऐवजी ‘आय वॉज हॅविंग’. आणि ‘गेव्ह’च्या पुढचा ‘इट’ गळलाय, कारण मराठीत आपण नुसतं ‘भावाला दिली’ म्हणून मोकळे होतो. पहिली चूक कुठल्याही देशातलं मूल करतं. उरलेल्या तिन्ही मराठी घरातून आलेल्या आहेत.

अमेरिकी संचाबद्दलचं माझं मत यावरूनच ठरतं. हे अभ्यासक्रम मुख्यतः घरात इंग्रजीच बोलणाऱ्या मुलांसाठी लिहिलेले असतात. त्या मुलांना ‘आय हॅव अ ब्रदर’ कुणी शिकवावं लागत नाही, ते त्यांना तिसऱ्या वर्षीच येतं. म्हणून त्यांच्या व्याकरणाच्या पुस्तकांचा मोठा भाग नावं ओळखण्यात जातो : हा नाउन, हा अ‍ॅडव्हर्ब, हा क्लॉज. काही संचांत वाक्यातल्या शब्दांची नाती रेषांनी दाखवणारी आकृती काढायला शिकवतात. ती पद्धत रीड आणि केलॉग या दोघांनी १८७७ साली आणली आणि तिथे अजून टिकून आहे. कोडी आवडणाऱ्या मुलांना ती मजेशीर वाटते. पण ‘द’ कुठे घालायचा, ‘हॅड’ कधी आणि ‘वॉज हॅविंग’ कधी, हे त्यातून येत नाही, आणि तुमच्या मुलीला नेमकं तेच हवंय. शिवाय तेच धडे दरवर्षी थोडे वाढवून पुन्हा येतात, म्हणजे संचही दरवर्षी नवा. स्पेलिंग अमेरिकी असतात ती वेगळीच गोष्ट. आपल्या परीक्षांना ब्रिटिश वळणाची सवय बरी.

त्या संचांमधला लेखनाचा भाग मात्र खरोखर चांगला असतो. चांगला उतारा बघून लिहिणं, तोच दुसऱ्या दिवशी ऐकून लिहिणं, वाचलेलं आपल्या शब्दांत सांगणं. शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्लंडमधल्या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी यावर फार भर दिला होता आणि आजचे कितीतरी होमस्कूलिंग अभ्यासक्रम त्यांच्याच वाटेने जातात. आपल्या शाळांत अनुलेखन आणि श्रुतलेखन होतंच की! त्यासाठी बाहेरून काही मागवायची गरज नाही.

आता सासऱ्यांचं म्हणणं. त्यांचा आग्रह मी हलक्यात घेत नाही. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि रेन अँड मार्टिन यांच्या जोरावर मराठी माध्यमातून शिकलेल्या पिढ्यांनी कचेऱ्या आणि कोर्टं सांभाळली. पण १९३०च्या दशकातलं हे पुस्तक नियमांच्या क्रमाने रचलेलं आहे, मुलांच्या चुकांच्या क्रमाने नाही. ते संदर्भाला घरात असावं. पहिल्या पानापासून अकरा वर्षांच्या मुलीला लावलंत, तर ती व्याख्या पाठ करेल आणि वहीत ‘वॉज हॅविंग’ तसंच राहील. हे केवळ माझं मत नाही. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन या संशोधकांनी २००७ साली चौथी ते बारावीच्या मुलांच्या लेखनावरच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. नुसतं व्याकरण वेगळं शिकवल्याने लेखन सुधारलं नाही. छोटी वाक्यं जोडून मोठं वाक्य करायच्या सरावाने मात्र सुधारलं.

तुमच्या मुलीसाठी मी रेमंड मर्फींचं ‘इसेन्शियल ग्रामर इन यूज’ सुचवीन, लाल मुखपृष्ठाचं. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांसाठीच ते लिहिलंय. डाव्या पानावर समजावणी, उजव्या पानावर सराव, उत्तरं मागे. मोठ्यांना डोळ्यासमोर ठेवून केलेलं असल्याने काही वाक्यं तिला रुक्ष वाटतील; तिथे तुम्ही शेजारी बसा. उत्तरं असलेलीच आवृत्ती घ्या. दादरला छबिलदास गल्लीत आयडियल या पुस्तकांच्या दुकानात किंवा फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरच्या पुस्तकवाल्यांकडे आधी चाळून बघा, मग पैसे द्या. आणि ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून पाचवी ते आठवीची इंग्रजीची पाठ्यपुस्तकं मोफत उतरवून घ्या. बोर्डाच्या मुलांना कोणत्या वयात काय लिहायला सांगतात, याचा अंदाज येईल.

पुस्तक पहिल्या धड्यापासून चालवू नका. आठवड्याला वहीतली एकच चूक उचला. या आठवड्यात ‘वॉज हॅविंग’ घेतलंत, तर त्यावरचा धडा शोधून सोडवा आणि मग तिच्याच जुन्या पानांत ती चूक तिलाच शोधायला सांगा. बाकीच्या चुका दिसल्या तरी त्या आठवड्यात बोलायचं नाही. हे आईला कठीण जातं, मला कल्पना आहे. पण पान लाल झालं की मूल पुढच्या वेळी कमी लिहितं, आणि कमी लिहिणाऱ्या मुलाला सुधारायला काही उरतच नाही.

‘अँड’वरचा उपाय लगेच करता येईल. तो परिच्छेद तिला मोठ्याने वाचायला लावा आणि जिथे श्वास घ्यावासा वाटेल तिथे पूर्णविराम द्यायला सांगा. सुटी वाक्यं झाली की वहीत एकाखाली एक लिहा आणि त्यांतली दोन-दोन जोडायला सांगा, अट एकच : ‘अँड’ वापरायचा नाही. ‘इट वॉज रेनिंग’ आणि ‘बाबा सेड लेट्स वॉक’ या दोघांचं ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बाबा सेड, “लेट्स वॉक टू कान्हेरी”’ होईल. ‘व्हेन’ किंवा ‘बिकॉज’ घालून बघितलं तर अर्थ कसा बदलतो, यावर पाच मिनिटं बोला. बाबांचा हट्ट ‘ऑल्दो’मुळे दिसतो, हे तिच्या लक्षात आलं की कंजंक्शन वेगळं शिकवायला नको.

धाकट्याला व्याकरणाचं पुस्तक अजिबात नको. आठव्या वर्षी रोज तीन-चार ओळी बघून लिहिणं, आठवड्यातून एकदा श्रुतलेखन, आणि वाचलेली गोष्ट तोंडी सांगणं पुरे. गोष्ट मराठीत सांगितली तरी चालेल; क्रम लावायची सवय एका भाषेत लागली की दुसरीत उतरते.

आणि तुमच्या मराठी माध्यमाचा संकोच सोडा. ‘इट’ का गळला हे तुम्हाला क्षणात कळेल, अमेरिकेतल्या संचाला कधीच कळणार नाही.

दहावीचं आता थोडक्यात. एनआयओएसच्या (केंद्राच्या मुक्त विद्यालयाच्या) दहावीला बसायला किमान वय १४ लागतं, परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. राज्य मंडळाची दहावी फॉर्म नंबर १७ भरून खासगी विद्यार्थी म्हणून देता येते. अटी आणि तारखा त्या-त्या वर्षी मंडळाच्या संकेतस्थळावर नीट वाचा. केंब्रिजचं आयजीसीएसई (दहावीच्या तोडीची आंतरराष्ट्रीय परीक्षा) मनात असेल, तर खासगी विद्यार्थी घेणारं केंद्र आधी शोधावं लागतं, आणि तिथे इंग्रजी फर्स्ट लँग्वेज की सेकंड लँग्वेज हेही ठरवावं लागतं. या परीक्षांत पत्र, सारांश, एखाद्या विषयावर मत असं सलग लेखन असतं, नुसत्या व्याख्या विचारत नाहीत. करिअरमध्येही तेच. मुलीचा ओढा उद्या कायद्याकडे गेला, तर क्लॅट या कायद्याच्या प्रवेश परीक्षेची प्रश्नपत्रिका २०२० पासून उताऱ्यांवरच बेतलेली आहे. विज्ञानाकडे गेली तर प्रयोगाचे अहवाल लिहावे लागतील.

पण ही निवड आज करायची नाही. मुलीला तेरावं लागलं की एनआयओएस आणि राज्य मंडळ, दोन्हीच्या जुन्या इंग्रजी प्रश्नपत्रिका मिळवा आणि प्रत्येकीतला लेखनाचा एकेक प्रश्न तिला घड्याळ लावून सोडवायला द्या. ती दोन पानं आणि त्या वेळची वही घेऊन मला पुन्हा लिहा.