इंग्लंडमधल्या खेड्यातलं जुनं चर्च आतून पाहायचं असेल तर नेमकं काय पाहावं?

तुम्ही लिहिलंय की मुलाकडे तीन महिने राहायला आला आहात, रोजच्या फिरण्याच्या वाटेवर एक जुनं चर्च लागतं, पण आत जायचा धीर होत नाही. ख्रिस्ती नसलेल्याला जाऊ देतात का, आणि आत बघायचं काय?

पहिल्याचं उत्तर: खुशाल जा. कोणी काही विचारत नाही, बहुतेक वेळा आत कोणी नसतंच. दाराची लोखंडी कडी जड असते, फिरवून खांद्याने ढकला. कुलूप आहे असं समजून बरेच जण परत फिरतात. चपला काढायच्या नाहीत. माझ्या आईने पोर्चमध्ये काढल्या होत्या. फरशी इतकी गार की दोन मिनिटांत परत येऊन घातल्या.

दुसऱ्या प्रश्नाला सगळे रंगीत काचा आणि वेदी सांगतील. मी सांगतो, भिंती बघा. आणि हे का सांगतोय ते सांगायचं तर लोहगडापासून सुरुवात करावी लागेल.

माझे दाजी बांधकामातले. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात ते ताईला घेऊन लोहगडावर गेले आणि एका दरवाजाजवळच्या दगडावर छिन्नीने दोघांची नावं कोरून आले, मधे बदाम. गडावर जाताना सोबत छिन्नी कोण नेतं, हे मला आजवर कळलेलं नाही. पुढच्याच वर्षी आमचा ग्रुप तारेचे ब्रश आणि थिनर घेऊन तिथे ऑइलपेंटची नावं घासायला गेला, आणि मला ताईचं नाव दिसलं. रंग निघतो, कोरलेलं कसं निघणार? मी तेव्हा बावीस वर्षांचा, डोकं गरम. दाजींच्या वडिलांसमोर, भर पंगतीत, काय वाट्टेल ते बोललो. पुढच्या दोन भाऊबीजांना मी ताईकडे गेलो तेव्हा दाजी नेमके 'साइटवर' होते.

आता इंग्लंड. मी हर्टफर्डशरमध्ये राहतो. दोन वर्षांपूर्वी आई, ताई आणि दाजी आले, तेव्हा त्यांना अ‍ॅशवेलला नेलं. खेडंच आहे, पण सेंट मेरी चर्चचा मनोरा 176 फुटांचा, शेतांतून लांबूनच दिसतो. चर्च चौदाव्या शतकातलं, आणि दगड तिथला स्थानिक, क्लंच नावाचा. दगड कसला, घट्ट झालेला खडूच तो. चाकूच्या टोकाने सहज ओरखडतो. हे मला ठाऊक होतं आणि तरी मी दाजींना तिथे नेलं, यात चूक माझीच.

मनोऱ्याखालच्या उत्तरेच्या भिंतीवर लॅटिनमध्ये काही ओळी कोरल्या आहेत. समोरून उजेड मारला तर काहीच दिसत नाही. मोबाइलची बॅटरी भिंतीलगत आडवी धरायची, उजेड दगडावरून सरपटत गेला पाहिजे. मग अक्षरं एकेक करून वर येतात. बारीक, घाईतली, ओळी तिरक्या. साल कोड्यात, रोमन आकड्यांत सांगितलंय: एम (हजार) एकदा, सी (शंभर) तीनदा, एक्स (दहा) पाचदा. म्हणजे 1350. आपल्या पोथ्यांच्या शेवटी शक सांगतात तसंच. इंग्लंडात प्लेगची महामारी आली 1348 मध्ये. भिंतीवर लिहिलंय ते साधारण असं: दीन, रानटी, भीषण, साक्षीला उरलाय तो लोकांमधला गाळ. त्याखाली 1361 सालच्या मोठ्या वाऱ्याची नोंद. ते वादळ झालं 15 जानेवारी 1362 ला, संत मॉरसच्या दिवशी. कोरणाऱ्याची चूक नाही, तेव्हा तिथे नवं वर्ष 25 मार्चला लागायचं. गुढीपाडव्याला वर्ष बदलणाऱ्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. शेजारीच एका मोठ्या देवळाचं, म्हणजे चर्चचं, रेखाचित्र आहे. लंडनचं जुनं सेंट पॉल असावं असं मानतात, जे 1666 च्या आगीत गेलं.

मी हे सगळं आईला मराठीत सांगत होतो. तिच्या आजीने तिला प्लेगच्या गोष्टी सांगितलेल्या; उंदीर पडायला लागले की गाव सोडून रानात झोपड्या घालून राहायचे. आई बराच वेळ भिंतीकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "लिहिणारा वाचला ना मग?"

दाजी मागे होते. ते म्हणाले, "म्हणजे ह्यांनी कोरलं तर इतिहास. आणि आम्ही कोरलं तर तारेचा ब्रश."

मी म्हटलं, दाजी, अहो, अर्धं गाव मेलंय, माणूस आकांताने लिहितोय, याची तुलना बदामाशी करता? चांगलं उत्तर होतं. पण पुढे खांबांवर आणखी ओरखडे आहेत. एकावर कोणीतरी कोरलंय की कोपरे नीट सांधलेले नाहीत, मी थुंकतो. दुसऱ्या जागी: बार्बरा म्हणजे नुसती रानटी. हे वाचून दाखवल्यावर दाजींचा चेहरा असा खुलला की विचारू नका. त्यांनी खांबाच्या सांध्यावर अंगठा फिरवला, एक डोळा मिटून वर पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर बोलतोय तो. हे काम मी पण पास केलं नसतं." बार्बरावर तर ते आणि ताई गाडीत बसेपर्यंत हसत होते. मला काही सुचलं नाही.

आता सुचतंय, म्हणून लिहितो. त्या काळी चर्चच्या भिंतीवर कोरणं हे आजच्यासारखं पाप नव्हतं. नॉरफोकमध्ये 2010 पासून स्वयंसेवक खेड्याखेड्यांतल्या चर्चच्या भिंती अशाच आडव्या उजेडात तपासत आलेत. जहाजं, नावं, प्रार्थना, आणि वर्तुळातली सहा पाकळ्यांची फुलं; आपण शाळेत कंपासने काढायचो तीच. लोकांच्या डोळ्यांदेखत, उघड्यावर कोरलेली. कागद महाग, लिहिता येणारे थोडे. भिंत हीच गावाची वही. दाजींना वह्या दीड रुपयाला मिळत होत्या. शिवाय लोहगड केंद्राचं संरक्षित स्मारक, प्राचीन स्मारकांसाठी 1958 चा कायदा आहे, आणि 2010 च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दाजी, तुम्ही हे वाचत असाल (ताई वाचून दाखवेलच), तर बार्बरावाल्याला कोणता कायदा लागू होता ते सांगा. 2025 मध्ये लोहगड युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून हे गृहस्थ 'आमचा बदाम जागतिक वारसा आहे' असं सांगत फिरतात.

हां, एक कबूल करतो. बार्बरा कोण होती हे कळायला मी काहीही देईन. आणि सातशे वर्षांनी कोणी लोहगडावर बॅटरी आडवी धरून ताईचं नाव वाचलं तर त्यालाही असंच वाटेल बहुधा. पण म्हणून कोरायचं नाही. सध्याचे लोक वाचायला जिवंत आहेत आणि त्यांना राग येतो.

तुमच्या चर्चकडे येतो. तिथे असे ओरखडे असतीलच असं नाही. एकोणिसाव्या शतकात डागडुजीच्या नावाखाली बऱ्याच चर्चचा जुना गिलावा खरवडून काढला, त्यासोबत सगळं गेलं. तरी दाराच्या आसपास, खांबांवर आणि मनोऱ्याखाली एकदा बॅटरी फिरवा. भिंती पांढऱ्या दिसल्या तर त्या मुळात तशा नव्हत्या हे लक्षात ठेवा. आधी चित्रांनी भरलेल्या असायच्या, सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या काळात, म्हणजे इंग्लंड पोपपासून फुटलं तेव्हा, चुना फासला. मधेच भिंतीत उंचावर कुठेही न जाणारं दार दिसलं तर तीही त्याच काळातल्या मोडतोडीची खूण: तिथे मोठ्या क्रुसाखालचा लाकडी सज्जा होता, तो काढून टाकला, जिना तेवढा राहिला. वेदीच्या उजवीकडे भिंतीत छोटं कोनाड्यासारखं कुंड असेल, तळाला भोक. पूजेची भांडी धुतलेलं पाणी तिथून थेट जमिनीत सोडायचे. आपलं तीर्थ गटारात ओतत नाहीत, तसंच. आणि संगमरवरी पाट्या वाचा. मुंबई इलाख्यात नोकरी करून तापाने मेलेला कोणीतरी बऱ्याचदा निघतो.

रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा एक तर मागे शांत बसा नाहीतर दुपारी जा. भिंतीला हात लावू नका, माझ्या दाजींनी लावला तो सोडून द्या. पैसे मागत नाहीत, पण पेटीत नाणं टाका.

दाराशी एक वही असते, येणाऱ्याने नाव लिहायची. निघताना दाजी तिथे बराच वेळ वाकून उभे होते. ते गाडीकडे गेल्यावर मी पाहिली. देवनागरीत, बॉलपेनने, ताईचं नाव आणि त्यांचं. बदाम काढला नव्हता.