रायझन ५ १६०० प्रोसेसर आणि जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड आहे, पीसी आता अपग्रेड करू का अजून थांबू?

तुम्ही लिहिलंय की पीसी २०१८ चा आहे, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, १०८०पी मॉनिटर, आणि मित्र म्हणतायत सगळं विकून नवीन घे. सगळं विकू नका प्लीज. पीसी जुना झाला म्हणून नाही, तुम्हाला जो गेम खेळायचाय तो नीट चालत नाही आणि नेमकं काय अडतंय ते कळलं, की मगच पैसे काढा.

माझ्याकडे पण हाच १६०० होता. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये सारखं अडकायचं म्हणून वर्षभर पैसे साठवून आरटीएक्स ३०६० हे नवीन ग्राफिक्स कार्ड घेतलं, लावलं, आणि एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) जवळपास तेवढेच, खूप वाईट वाटलं होतं तेव्हा. मग आफ्टरबर्नर (कार्डवर किती ताण आहे ते दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून बघितलं तर कार्डचा वापर पन्नास-साठ टक्क्यांच्या वर जातच नव्हता, म्हणजे प्रोसेसरच मागे पडत होता. त्याच बोर्डवर रायझन ५ ५६०० प्रोसेसर टाकला आणि अडकणं गेलं.

म्हणून आधी मोजा. व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या स्पीडपुरते अडवणारी सेटिंग) बंद करा आणि तुमच्या गेममध्ये कार्डचा वापर बघा, ९५ टक्क्यांच्या पुढे असेल तर कार्ड कमी पडतंय, बराच खाली असेल तर बहुतेक प्रोसेसर. प्रोसेसरचा एकूण आकडा ४०-५० दिसला तरी फसू नका, एखादाच कोर पूर्ण भरलेला असतो. अजून सोपं म्हणजे रेझोल्यूशन ७२०पी करून बघा, एफपीएस वाढले नाहीत तर नवीन कार्ड घेऊन काही मिळणार नाही.

हो आणि रॅमच्या दोन स्टिक आहेत का, बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण स्पीडने चालवणारी सेटिंग, चालू आहे का तेही बघा, पहिल्या पिढीच्या रायझनला रॅमच्या स्पीडचा खूप फरक पडतो आणि हे फुकटात होतं. धूळ साफ करा, प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट बदला.

१०६० कुठे खरंच संपतं तेही सांगतो. डिसेंबर २०२४ चा इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल किंवा डूम द डार्क एजेस, यांना कार्डमध्ये रे ट्रेसिंगचं (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्याचं) हार्डवेअर लागतंच, सेटिंग कितीही कमी करा. असले गेम खेळायचे असतील तर कार्ड बदला, पण आधी एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) किती वॅटचा आहे आणि ८ पिनची वायर आहे का ते बघा. नसतील खेळायचे तर माझ्या मते पहिला नंबर प्रोसेसरचा, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत १६०० नाहीये, ५६०० आहे. एएम५ वर (एएमडीच्या नव्या प्रोसेसरच्या सॉकेटवर) गेलात तर बोर्ड आणि डीडीआर५ रॅमचा खर्च पण येतो, तुम्हाला आत्ता त्याची गरज दिसत नाही.

५६०० घेतलात तर जुना प्रोसेसर काढायच्या आधी बायोस अपडेट करा, नाहीतर डिस्प्ले येणार नाही, आणि मध्येच लाईट गेली तर बोर्ड जाऊ शकतो, त्यामुळे इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर करा.